थंडीचा उतारा कोणाच्या पदरात?

एक

हिवाळा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. दिवाळीच्या पहाटेचे उटणे आणि ऊन पाणी, परसातली शेकोटी, शेतावरचा हुरडा, बाजरीच्या भाकरीवर विरघळणारे लोणी. पाठ्यपुस्तकांपासून दिवाळी अंकांपर्यंत हीच चित्रे फिरत राहिली आहेत. ती खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. ती एका विशिष्ट अंगणातली आहेत, एवढेच. ज्या घरात पेटवायला लाकूड आहे, कणगीत धान्य आहे आणि पहाटे पांघरुणातून केव्हा उठायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते, त्या घराला थंडी गुलाबी दिसते. १९७८ साली ‘बलुतं’ आले, त्यामागोमाग इतर आत्मकथने आली आणि गावकुसाबाहेरची भूक मराठी साहित्यात बोलू लागली. परंतु ज्या घराचा हिवाळा त्याच्या स्वतःच्या घरात जातच नाही, त्या घराचे रोजचे जगणे आपण अजूनही नीट मांडलेले नाही.

या लेखात अशा एका घराचा हिवाळा मांडायचा आहे. घर बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले, एका लहान गावाच्या बौद्धवाड्यातले. घराचे नाव देत नाही, कारण ते एकच एक घर नव्हे. या पट्ट्यात अशी घरे वस्तीवस्तीला आहेत, आणि येथे जे सांगतो आहे ते त्या सर्वांत थोड्याफार फरकाने घडते. फक्त बौद्धवाड्यातच घडते असेही नाही. मातंगवाड्यात, बंजारा तांड्यावर, वंजारी वस्तीत, भिल्लांच्या पालांत आणि कोरडवाहू मराठा कुटुंबांतही ते घडते. दुष्काळी जमिनीने या सगळ्यांना एकाच वाटेला लावले आहे. फरक इतकाच, की कोणी दोन एकर खडकाळ रान मागे टाकून निघतो आणि कोणाला मागे टाकण्यासाठी रानच नसते.

आपल्या या घरात सहा माणसे आहेत. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि तीन लेकरे. थोरली मुलगी बारा वर्षांची, मधला मुलगा आठ वर्षांचा, धाकटे दोन वर्षांचे. कारखान्याच्या हिशेबात मात्र हे घर सहा माणसांचे नाही. तिथे ते ‘एक कोयता’ आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. अवजाराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत इतकी रुळली आहे, की मोजणाऱ्यालाही तिचे काही वाटत नाही आणि मोजल्या जाणाऱ्यालाही नाही.

दोन

या घरात हिवाळ्याची चाहूल हवेने लागत नाही, उचलीने लागते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. शाळा उघडते, पेरणी येते, एखादे दुखणे निघते, बहिणीचे लग्न ठरते, आणि आषाढ-श्रावणातच हिवाळ्याची मजुरी खाऊन होते. मुकादम ही रक्कम कारखान्याच्या तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडून आणतो, टोळी जमवतो आणि दर टनामागे स्वतःचे कमिशन घेतो. अलीकडच्या वर्षांत एका कोयत्याची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या वर गेली आहे. तिच्यासाठी पुष्कळदा मुद्रांकाच्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. अंगठा नवऱ्याचा असतो. बायकोचे नाव त्या कागदावर सहसा नसते, पण अर्धा कोयता तिचाच असतो.

भादवा सरता सरता वाड्यातल्या बाया वाकळी आणि गोधड्या धुवायला ओढ्यावर नेतात. नवरात्राआधी घरातले सगळे पांघरूण धुण्याची ही चाल सगळ्या गावाचीच. गावातल्या बाया धुतलेले पांघरूण घडी करून माळ्यावर ठेवतात. आमच्या घरातली सून ते वाटायला बसते. घरात चार वाकळी आहेत, जुन्या लुगड्यांच्या थरांवर टाके घालून शिवलेल्या. दोन कारखान्यावर न्यायच्या आणि दोन म्हातारीजवळ ठेवायच्या, असा दरवर्षीचा ठराव. पण गेल्या दोन वर्षांपासून मधला मुलगा शाळेसाठी आजीजवळ राहतो. तेव्हा मागे दोन माणसे आणि पुढे चार. म्हातारी म्हणते, “तीन घेऊन जा गं. तिकडं पाण्याचं रान हाय, गारठा लई असतो. आमचं काय, आम्ही एकीत निजू.” सून तीन घेत नाही. दोनच घेते आणि वर एक प्लॅस्टिकचा कागद घेते. चार वाकळींच्या या वाटणीत त्या घराचे सहा महिन्यांचे दोन तुकडे आधीच पडलेले असतात.

दसरा आमच्या वाड्यात अशोक विजयादशमी म्हणून पाळला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तो याच सणाचा दिवस होता. त्या दिवशी वाडा माणसांनी भरलेला असतो. पंचशील म्हटले जाते, लेकरांना नवे कपडे मिळाले तर याच दिवशी मिळतात. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मात्र वाडा ओस पडू लागतो. राज्य सरकार गळीत हंगामाची तारीख ठरवते. २०२४ साली ती १५ नोव्हेंबर होती, २०२५ साली १ नोव्हेंबर. तारीख जवळ आली की रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गावात येतात. पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, बाजरीचे पोते, दोन पातेली, तवा, पाण्याचा पिंप, शेळी, कोंबड्या, वाकळी आणि त्या सगळ्यावर लेकरे. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, नाहीतर सरहद्द ओलांडून कर्नाटकातले कारखाने. ट्रॉली सुटताना कोणी रडत नाही. रडायचे ते आदल्या रात्री होऊन गेलेले असते.

तीन

हे सगळे हिवाळ्यातच का घडते? उसाच्या शास्त्रातच याचे उत्तर आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण या घराच्या शोषणाची किल्ली तिथेच आहे.

उष्ण आणि ओल्या दिवसांत ऊस वाढतो. पान साखर तयार करते आणि वाढणारे कांडे ती खर्चून टाकते. पाऊस संपतो, हवा कोरडी होते, रात्री गार पडतात, तेव्हा उसाची वाढ मंदावते. खर्च थांबल्यामुळे साखर कांड्यात साठू लागते. यालाच ऊस पक्व होणे म्हणतात. शंभर किलो उसातून जितकी किलो साखर निघते त्याला कारखान्याच्या भाषेत उतारा म्हणतात. हंगामाच्या आरंभी हा उतारा कमी असतो, पौष-माघाच्या थंडीत तो चढतो, उन्हे तापली की पुन्हा उतरतो. थोडक्यात, थंडी साखर पिकवते. शिवाय एकदा तोडलेला ऊस ठेवता येत नाही. तो जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि साखर बिघडते. म्हणून तोडणी रात्रंदिवस चालू राहिली पाहिजे, आणि म्हणून तोडणारा फडाजवळच राहिला पाहिजे.

आता या थंडीचा भाव कसा ठरतो ते पाहू. केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, उताऱ्याशी जोडून ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा त्याहून ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला, तर एका टनामागे ३४६ रुपयांची वाढ. या वाढीत शेतकऱ्याचा वाटा आहे आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. लहान ऊस उत्पादक स्वतःही कर्जात असतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून कापला जातो, हेही खरे. जास्त उताऱ्यात कारखान्याचाही लाभ आहे, कारण तेवढ्याच उसातून त्याला जास्त साखर मिळते.

आणि तोडणाऱ्याचे काय? त्याची मजुरी टनावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये संघटना आणि साखर संघ यांच्यात बोलणी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. त्यानंतर डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या कोयत्याला टनाला ३६५ रुपयांच्या आसपास मिळू लागले. उतारा नऊ असो की बारा, त्याचा दर तोच. दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. थंडीमुळे वाढलेल्या एका टक्का उताऱ्याची टनामागची किंमत ३४६ रुपये. त्याच थंडीत उभे राहून दोन माणसांनी तो टनभर ऊस तोडला, सोलला, बांधला आणि गाडीत चढवला त्याची किंमत ३६५ रुपये. थंडीला बाजारात भाव आहे. तो भाव उसाला लागतो. ज्याच्या अंगावर ती थंडी पडते त्याच्या हिशेबात तिची नोंदच नाही.

चार

त्या थंडीत या घराचा एक दिवस कसा जातो?

कारखाना बांबूच्या चटया देतो. त्या वाकवून, वर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकून कोपी उभी करतात. आत माणूस वाकून शिरतो. दाराला कापड. जमीन तीच, कालपर्यंत पाण्याखाली असलेली. डिसेंबर-जानेवारीत या भागातले किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाते, आणि नदीकाठच्या सखल रानात गार हवा साचून राहते. डोंगरावरच्या आपल्या कोरड्या घरात जी वाकळ पुरते ती इथे खालून ओल धरते.

पहाटे तीन-साडेतीनला बाई उठते. पाचट पेटवून चूल धरते, पाणी आणते, दिवसभराच्या भाकरी थापते. पाचट भडकून जळते आणि लगेच विझते, त्यामुळे चुलीजवळून हलता येत नाही. ही एक गोष्ट ती थंडीत सुखाची मानते. पाच-साडेपाचला दोघे फडात असतात. उसाची पाती दवाने निथळत असतात. उसात शिरले की पाचेक मिनिटांत पाठ, बाह्या, छाती ओली होते. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेली, डोक्याला घट्ट फडके बांधलेली बाई आपण रस्त्याने जाताना पाहिली असेल. तो सदरा पात्यांच्या धारेपासून आणि उसाच्या कुसांपासून अंग वाचवतो, ओलीपासून वाचवत नाही. ओले कापड अंगावरच वाळते तेव्हा अंगातली ऊब ओढून घेते. शेकोटी करावी तर चहूकडे वाळके पाचट. एक ठिणगी उडाली तर उभा फड पेटेल. म्हणून आगीच्या इतक्या सरपणात उभे राहूनही माणसे कुडकुडत ऊन चढण्याची वाट पाहतात.

नवरा बुडातून ऊस तोडतो, बायको पाला सोलते, शेंडा छाटते, मोळी बांधते. छाटलेले वाढे जनावरांच्या चाऱ्यासाठी विकले जातात. त्यातून रोजच्या मीठ-मिरचीचे भागते. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दुपारनंतर गाडी भरायची. तीस-चाळीस किलोची मोळी चुंबळीवर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकवर चढायचे. फळी दवाने ओली असेल तर पाय घसरतो. कारखान्याची गाडी केव्हा येईल ते कारखाना ठरवतो. पुष्कळदा ती रात्री एक वाजता येते आणि तळावर हाक पडते, “उठा रे, गाडी आली!” अंगाखाली जरा ऊब धरलेली वाकळ सोडून दोघे उठतात. धाकटे लेकरू जागे झाले तर थोरली बहीण त्याला कुशीत ओढते. ही बारा वर्षांची मुलगी त्या तळावरची पाळणाघर आहे, स्वयंपाकीण आहे, राखणदारही आहे. हजेरीपटावर ती कुठेच नाही.

बाईचा दिवस इथेही संपत नाही. आडोसा नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत तेवढीच मोळी, तेवढीच फळी. एखादा दिवस बसून काढावा तर ‘खाडा’ पडतो, आणि काही टोळ्यांत त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपयांपर्यंत दंड बसतो. या दंडाच्या भीतीचे टोक कुठे जाते ते २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. अनेकींचे वय चाळिशीच्याही आत होते. खासगी डॉक्टरांचा लोभ हे त्याचे एक कारण होते, पण तेवढेच नव्हे. ज्या व्यवस्थेत शरीराला सुटी नाही, तिथे बाई शरीराचा सुटी मागणारा भागच काढून टाकायला तयार होते. याहून भयंकर अशी कोणती वेठ असू शकते?

पाच

वेठ हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. आता हिशेब करून पाहू.

उदाहरणादाखल उचल एक लाख रुपये धरू, दर ३६५ रुपये आणि रोजची तोड दोन टन. रोजचे झाले ७३०. लाखाची फेड व्हायला सुमारे १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न होता. हंगाम एकशे दहा दिवसांत आटोपला तर जमा होतात ८० हजार ३०० रुपये. बाकी १९ हजार ७००. दर आठवड्याला तेल-मिठासाठी मुकादमाकडून जी खर्ची घेतली, ती आठवड्याला हजार धरली तरी सोळा आठवड्यांचे सोळा हजार. म्हणजे पट्टा पडून कारखाना बंद होतो आणि ट्रॉली गावाकडे वळते तेव्हा या घराच्या नावावर जवळजवळ छत्तीस हजारांची बाकी असते. एका रात्रीची सुटी न घेता काम केलेल्या घराची ही बाकी आहे. पुढच्या हिवाळ्याचा पहिला हप्ता असा याच हिवाळ्यात फाडला जातो.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यातली पहिलीच व्याख्या आगाऊ रकमेची आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की वेठीची साखळी लोखंडाची नसते, उचलीची असते. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे. १९८२ साली एशियाड बांधकामाच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच आहे. भूक हीही सक्ती असते हे न्यायालयाने मान्य केले. ते कोपीपर्यंत अजून पोहोचलेले नाही.

आपल्या समाजाला या व्यवस्थेची ओळख नवी नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी महार वतनाचे स्वरूप उघडे करून दाखवले होते. महाराच्या कामाला ठरलेले तास नव्हते. दिवस असो, रात्र असो, हाक आली की जावे लागे. आणि वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला ते काम करावे लागे. म्हणजे बांधलेला होता तो माणूस नव्हे, घर बांधलेले होते. कोयत्यातही घरच बांधलेले असते. नवरा आजारी पडला तर मेहुणा किंवा वयात येणारा मुलगा त्याच्या जागी उभा राहतो, कारण उचल फेडायची असते. मुलगी मोठी होऊ लागली की तिला मागे ठेवता येत नाही आणि तळावर नेण्याचीही भीती वाटते. मग तिचे लग्न लवकर उरकले जाते आणि आणखी एक कोयता तयार होतो. रात्री एक वाजताची गाडीची हाक आणि पाटलाच्या चावडीवरून येणारी हाक यांत आवाजाचा फरक आहे, अधिकाराचा नाही.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदला पाहिजे. वतन जन्माने गळ्यात पडत होते. कोयता हातात घेताना माणूस मुकादम निवडतो, दराची घासाघीस करतो, संप करतो. या रोख पैशातून काही घरांनी पत्रे टाकले, विहिरी खोदल्या, एखाद्या मुलाला शिकवून नोकरीला लावले. ऊसतोड बंद करा असे सांगणाऱ्या शहाण्यांना तळावरची माणसे म्हणूनच हसतात. गावात राहून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, पण हिवाळ्यात गावात पुरेसे काम मिळेल अशी खात्री या पट्ट्यात कधी निर्माण झाली नाही. आणि जमीन? ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्या हिवाळ्यात आमची माणसे पडीक जमिनीच्या हक्कासाठी तुरुंगात गेली. त्या वेळी जमिनीचे खरेखुरे वाटप झाले असते, तर आज कितीतरी घरांना वाकळींची वाटणी करावी लागली नसती.

सहा

आंबेडकरी माणसाचे कितीतरी मोठे दिवस याच हंगामात येतात हेही लक्षात घेतले पाहिजे. ६ डिसेंबर, २५ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी. ज्या दिवशी लाखो माणसे चैत्यभूमीवर रांगेत उभी असतात त्या दिवशी आमचे हे घर फडात असते. मुंबईला जायचे म्हणजे तीन खाडे. म्हणून रात्री गाडी भरून आल्यावर कोपीत मेणबत्ती लागते. बाबासाहेबांचा फोटो पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. झाकण उघडे ठेवले की तेच वंदनेचे ठिकाण. थोरली मुलगी शाळेत शिकलेले बुद्धवंदनेचे शब्द म्हणते, आईबाप मागून म्हणतात. अर्ध्यातच हाक आली तर उरलेली वंदना ती एकटी पुरी करते.

तिची शाळा गावातल्या हजेरीपटात आहे आणि ती इथे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली राज्य सरकारने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना जाहीर केली. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचे ठरले, ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. हे सगळे होणे चांगलेच. पण वसतिगृहात गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय ही मुलगी वसतिगृहात जाणार नाही. तळावर पाळणाघर झाले तरच तिची शाळा सुरू होईल. घराकडे पाहून विचार केला तर हे लगेच कळते. कोयत्याकडे पाहून केला तर कधीच कळत नाही.

म्हणून मागण्यांची सुरुवात मोजणीपासून झाली पाहिजे. कोयता मोजणे बंद करा, माणसे मोजा. करारावर आणि पावतीवर बाईचे नाव घाला, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात भरा. तळ उभारणे हे कारखान्याचे काम आहे असे माना आणि त्यात कोरडी जमीन, बंद निवारा, संडास, न्हाणी, दिवा, पाळणाघर आणि पांघरूण यांचा समावेश करा. पाळीच्या आणि आजाराच्या दिवसाचा खाडा रद्द करा. रात्रीच्या भराईला वेगळा दर द्या.

आणि उताऱ्यात वाटा द्या. ही मागणी ऐकून काही जण हसतील. पण तिच्यात अवास्तव काही नाही. उतारा एका टक्क्याने वाढल्यावर टनामागे जे ३४६ रुपये वाढतात, त्यांचा दहावा हिस्सा तोडणाऱ्याला दिला तर टनाला साडेचौतीस रुपये होतात. दोनशे वीस टन तोडणाऱ्या घराला हंगामात साडेसात हजारांवर मिळतील. एवढ्याने कोणी श्रीमंत होणार नाही आणि उचलही सगळी फिटणार नाही. परंतु थंडीची किंमत थंडी सोसणाऱ्याच्या नावावर पहिल्यांदा लिहिली जाईल. ती कोणी आपण होऊन लिहिणार नाही. त्यासाठी तळातळावर हा हिशेब समजावून सांगावा लागेल, आणि तो समजावून सांगण्याचे काम या घरांतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्यासारख्यांचे आहे. आपण शहरात ब्लँकेट ओढून झोपतो तेव्हा आपल्या मागे राहिलेली आई कोणाला तरी म्हणत असते, “आमचं काय, आम्ही एकीत निजू.” तिचे ते बोलणे आपण ऐकले आहे. आता त्याचे काय करायचे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.